नियम पाळावा की माणूस सांभाळावा?

संगणकाचे विषय विज्ञान शाखेने हाताळावेत आणि कला शाखेने कथा, कविता व प्रवासवर्णने लिहावीत, अशी वार्षिकांकाची जणू अलिखित वाटणी झालेली आहे. ही वाटणी मला मान्य नाही. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर आपण दिवसभर जे वाचतो ते आधी मजकूर असते, यंत्र नंतर येते. मजकूर म्हटला की लिपी आली, लेखनाचे नियम आले, वाचक आला, आणि नियम व वाचक यांचे भांडणही ओघानेच आले. हे भांडण भाषेच्या विद्यार्थ्याला नवे नाही. तेव्हा इंटरनेटवरील पाने कोणत्या नियमाने लिहावीत आणि ती कोणाकोणाच्या यंत्रावर नीट दिसली पाहिजेत, या वरवर तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नावर कला शाखेच्या विद्यार्थ्याने दोन शब्द बोलले तर तो अगोचरपणा ठरू नये.

प्रश्न थोडक्यात असा. इंटरनेटवरचे पान एकदाच लिहिले जाते, पण ते वाचून दाखवणारे कार्यक्रम, म्हणजे ब्राउझर, अनेक आहेत. कोणाच्या मोबाइलवर क्रोम असतो, कोणाच्या आयफोनवर सफारी, कोणी फायरफॉक्स वापरतो, कोणी एज. पान कसे लिहावे याचे प्रमाण नियम ठरवणाऱ्या संस्था आहेत. सर्वांनी ते नियम पाळले तर कोणतेही पान कोठेही सारखे दिसेल, असा आदर्श. परंतु प्रत्यक्षात ब्राउझर नियमांना आपापली वळणे देतात, जुने ब्राउझर नवे नियम ओळखत नाहीत, आणि पान करणारा दोन धन्यांचा चाकर होतो. एक धनी म्हणतो, ‘नियमाप्रमाणे लिही.’ दुसरा म्हणतो, ‘ते काही सांगू नकोस, माझ्या यंत्रावर दिसले पाहिजे.’ यांपैकी कोणाचे ऐकावे? माझे मत मी आरंभीच सांगून टाकतो. मजकुराच्या बाबतीत नियमाचे ऐकावे, दिसण्याच्या बाबतीत वाचकाचे. आता हे मत कशावरून बनले ते सांगतो.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत १९८९ मध्ये या जाळ्याची कल्पना मांडली तेव्हा तिचा सारा रोख एकाच गोष्टीवर होता. निरनिराळ्या यंत्रांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत. पुढे १९९४ मध्ये प्रमाण नियमांसाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम ही संस्था त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झाली. पण त्याच वर्षाच्या अखेरीस नेटस्केप नॅव्हिगेटर बाजारात आला, १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला, आणि दोघांची अशी काही झुंज लागली की नियम बाजूलाच राहिले. एकाने अक्षरे उघडझाप करणारी खूण काढली, तर दुसऱ्याने अक्षरे पडद्यावरून सरकत नेणारी ‘मार्की’ काढली. संस्थेने मान्यता देण्याची वाट कोणीच पाहिली नाही. पानांच्या तळाशी ‘हे पान अमुक ब्राउझरमध्ये उत्तम दिसेल’ अशा पाट्या झळकू लागल्या. त्यातली सरकती ओळ आजही कित्येक संकेतस्थळांवर ‘ताज्या सूचना’ घेऊन पळताना दिसते. प्रमाण नियमांत तिला कालबाह्य म्हटले आहे, तरी ब्राउझर तिला चालवून घेतात. का? तर ती बंद केली की हजारो जुनी पाने बिघडतील. म्हणजे एकदा चालू दिलेली चूक पुढे रूढी होते, आणि रूढी मोडणे नियम करण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

इंग्रजीच्या बाबतीत हे भांडण बहुतांशी सजावटीपुरते होते. मराठीच्या बाबतीत ते थेट अक्षराच्या जिवावर बेतले. देवनागरीसाठी नियम नव्हते असे नाही. भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेतांचे ‘इस्की’ हे प्रमाण १९८८ मध्ये तयार झाले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर पुष्कळ काम केले. १९९१ मध्येच जगातील सर्व लिप्यांना सामावणारा युनिकोड आला आणि त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच धर्तीवर झाली. नियम होता, पण तो घरोघरच्या संगणकांना कळत नव्हता. म्हणून छापखान्यांनी आणि फाँट करणाऱ्यांनी आडवाट काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवली. पडद्यावर ‘क’ दिसे, पण यंत्राच्या पोटात ते एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असे. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, प्रत्येकाची अशी मांडणी निराळी. एका फाँटात टंकलेला मजकूर दुसऱ्या फाँटात उघडला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. ज्यांनी छापखान्यात प्रुफे तपासली आहेत त्यांना याची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रे इंटरनेटवर येऊ लागली तेव्हा त्यांच्यापुढे हाच पेच होता. परदेशातील वाचकाच्या संगणकावर मराठी फाँट कोठून असणार? त्यावर ‘डायनॅमिक फाँट’ हा उपाय निघाला. पानाबरोबरच फाँटही वाचकाच्या यंत्रावर पाठवायचा. पण तेथेही दोन ब्राउझरांचे दोन मार्ग. नेटस्केपला बिटस्ट्रीम कंपनीच्या पद्धतीची फाइल लागे, तर एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीची. दोन्हीकडे मराठी दिसायची तर दोन फाइली ठेवाव्या लागत. २००० मध्ये आलेल्या नेटस्केपच्या नव्या आवृत्तीने ही सोयच काढून टाकली, आणि मग कित्येक मराठी पाने प्रत्यक्षात एकट्या एक्सप्लोररची पाने होऊन बसली. फायरफॉक्स वापरणाऱ्याला त्यांवर चिन्हांचा काला दिसे. अशी पाने युनिकोडमध्ये पालटून दाखवणारी ‘पद्म’सारखी जोडसाधने पुढे हौशी लोकांना तयार करावी लागली.

त्या वृत्तपत्रांनी चूक केली, असे मी म्हणणार नाही. न्यूयॉर्कमधल्या किंवा मस्कतमधल्या मराठी माणसाला त्याच दिवशीचा अंक वाचायला मिळाला, हे लहान काम नव्हे. नियमाची वाट पाहत ते बसले असते तर आणखी कित्येक वर्षे मराठी इंटरनेटवर आलीच नसती. पण किंमत मोजावी लागलीच. त्या मजकुरात शब्द शोधता येत नव्हता, कारण शोधयंत्राला तेथे मराठी दिसतच नव्हती. उतारा उचलून दुसरीकडे ठेवला की त्याचा काला होई. अंधांसाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे कार्यक्रम त्यातून निरर्थक ध्वनी काढत. आणि त्या काळातली जी पाने पुढे पालटली गेली नाहीत, ती आज इतिहासाच्या विद्यार्थ्याने उघडली तर त्याला आधी फाँटाचा शोध घ्यावा लागतो, मग बातमीचा. मोडी वाचण्यासाठी निदान जाणकार मिळतात. जेमतेम पंचवीस वर्षांपूर्वीची ही ‘डिजिटल मोडी’ वाचून देणारा शोधावा लागावा, हे काही भूषणावह नाही.

याच्या उलट उदाहरण मराठी विकिपीडियाचे. तो १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला आणि त्याने युनिकोडचा मार्ग धरला. त्या वेळी तो मार्ग सोयीचा नव्हता. विंडोज २००० पासून देवनागरीची व्यवस्था आलेली होती खरी, पण विंडोज एक्सपीमध्ये ती आपोआप चालू नसे. सीडी घालून वेगळी बसवावी लागे. न बसवल्यास अक्षरांच्या जागी चौकटी दिसत किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे न येता मागे जाऊन बसे. म्हणजे नियम पाळणाऱ्याचे पान वाकडे दिसे आणि नियम मोडणाऱ्याचे पान सुरेख! त्या काळी कोणी मत घेतले असते तर वाचकांनी कोणाला कौल दिला असता हे सांगायला नको. पण आज काय दिसते? त्या वेळी नियमाने लिहिलेली ओळ, तिच्यातले एक अक्षरही न बदलता, आज साध्या मोबाइलवर नीट उमटते, शोधता येते, ऐकता येते. यावरून मला एवढे कळले की, सोयीचे फळ लगेच मिळते आणि तिचे कर्ज पुढच्या पिढीवर चढते. नियमाचे कष्ट आजच्या माणसाला पडतात आणि फळ उद्याच्या माणसाला मिळते.

मग प्रत्येक ठिकाणी नियमाचा दंडुका उगारावा काय? मुळीच नाही. नियमवाद्यांच्या फजितीचीही एक कथा आहे. २००० मध्ये एक्सएचटीएमएल नावाचे कडक व्याकरण पुढे आले. त्याची खरी अंमलबजावणी केल्यास पानात एक खूण बंद करायची राहिली तरी वाचकाला मजकुराऐवजी चुकीची सूचना दिसे. एका अनुस्वारासाठी सगळी उत्तरपत्रिका फेकून द्यावी तसाच हा प्रकार. लेखकाच्या चुकीची शिक्षा वाचकाला! लोकांनी हे स्वीकारले नाही. २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या मंडळींनी वेगळी चूल मांडली. कडक पंथाची पुढची आवृत्ती २००९ मध्ये सोडून द्यावी लागली. २०१४ मध्ये एचटीएमएल ५ हे अधिकृत प्रमाण झाले तेव्हा त्यात एक शहाणपणाची गोष्ट होती. पान शुद्ध कसे लिहावे हे त्यात होतेच, शिवाय अशुद्ध पान समोर आले तर सर्व ब्राउझरांनी ते एकाच रीतीने कसे समजून घ्यावे, हेही लिहून ठेवले होते. चुकीचाही नियम झाला.

आपल्या शुद्धलेखनाच्या इतिहासाची येथे आठवण होते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चारांची भर आपण शाळेपासून ऐकत आलो. त्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून काढून टाकले. व्युत्पत्तीचा अभिमान बाळगणाऱ्यांना ते रुचले नाही. पण लोकांच्या तोंडात जे नव्हते ते कागदावरून गेले, म्हणून नियम टिकला. जो नियम वापर पाहून स्वतःला सुधारतो तोच दीर्घकाळ पाळला जातो. तो आकाशातून पडला असे ज्यांना वाटते त्यांच्या हातून तो मोडतो. जॉन पोस्टेल या इंटरनेटच्या आद्य शिल्पकारांपैकी एकाने १९८० मध्येच सूत्र घालून दिले होते. त्याचा आशय असा की, स्वतः पाठवताना काटेकोर राहावे आणि दुसऱ्याचे स्वीकारताना उदार असावे. मला हे सूत्र केवळ यंत्रांपुरते वाटत नाही. आपल्या तळोद्याच्या बाजारात भिली, पावरी, अहिराणी, गुजर बोली आणि मराठी एकाच वेळी कानांवर पडतात. तेथे प्रत्येक जण हेच करतो. स्वतः शक्य तितके स्पष्ट बोलतो आणि समोरचा जसा बोलेल तसा समजून घेतो. नाही तर व्यवहारच होणार नाही.

सोय आणि नियम यांचा तोल गेला की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. अमेरिकेच्या निर्यातबंधनांमुळे १९९० च्या दशकात परदेशी मिळणाऱ्या ब्राउझरांतील गुप्तलेखन दुबळे होते. म्हणून कोरियाने १९९८ मध्ये ‘सीड’ नावाची स्वतःची पद्धत तयार केली आणि ती इंटरनेट एक्सप्लोररच्या ॲक्टिव्हएक्स या खास सोयीवर बसवली. त्या घडीला निर्णय समंजस होता. परिणाम असा झाला की, जगात सर्वांत वेगवान इंटरनेट असलेल्या देशांत गणल्या जाणाऱ्या त्या देशात वर्षानुवर्षे बँकेचे साधे काम करायचे तरी एकच एक ब्राउझर लागे. त्या व्यवस्थेचा आधार असलेली सरकारमान्य प्रमाणपत्रांची पद्धत कायद्याने मोडीत निघायला डिसेंबर २०२० उजाडावे लागले. एक्सप्लोररही १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. ज्या खुंटीवर सगळे वस्त्र टांगले ती खुंटीच निघून आली.

‘आता हा प्रश्न उरलाच नाही’ असे म्हणणारेही भेटतात. त्यांचे म्हणणे असे की आज बहुतेकांकडे क्रोम आहे, मायक्रोसॉफ्टचा एजदेखील जानेवारी २०२० पासून क्रोमच्याच गाभ्यावर चालतो, मग क्रोमवर दिसले की झाले. मला हे म्हणणे धोक्याचे वाटते. एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली तेव्हा प्रतिस्पर्धी उरला नव्हता, आणि सातवी यायला २००६ उजाडले. पाच वर्षे जग एका अडलेल्या गाडीमागे उभे राहिले. शर्यतीत एकटाच धावणारा उरला की तो धावायचे थांबतो. आणि क्रोमवर दिसणे म्हणजे नियमाप्रमाणे असणे नव्हे. एका कंपनीची सवय हाच नियम समजला तर पुन्हा तीच पाटी नव्या अक्षरांत टांगल्यासारखे होईल.

शिवाय ‘सर्वांकडे’ म्हणजे कोणाकडे? आपल्या जिल्ह्याला या प्रश्नाचे उत्तर देण्याचा विशेष अधिकार आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. आपला आदिवासीबहुल जिल्हा या नव्या व्यवस्थेच्या अगदी दारात उभा केला गेला. त्यानंतर शिष्यवृत्ती, प्रवेश, परीक्षेचा अर्ज, सातबारा, सारेच पडद्यावर गेले. चांगलेच झाले. पण पडदा कोणता? पान तयार करणारा मोठ्या शहरात, मोठ्या पडद्यासमोर, नव्या ब्राउझरवर ते तपासतो. ते भरणारा धडगाव किंवा अक्कलकुव्याकडचा मुलगा असतो, आणि त्याच्या हातात भावाचा जुना, काच तडकलेला मोबाइल असतो. २०१७ मध्ये आलेला जिओफोन कित्येक घरांतले इंटरनेटचे पहिले यंत्र ठरला. त्याला बटणे होती, पडदा अडीच इंचांहूनही लहान होता आणि त्याचा ब्राउझर फायरफॉक्सच्या जुन्या गाभ्यावर बेतलेला होता. त्याआधी साध्या नोकियावर ऑपेरा मिनी चाले. ज्या मोबाइलला देवनागरी कळत नसे त्याच्यासाठी ऑपेराच्या दूरच्या संगणकावर अक्षरांची चित्रे तयार होऊन येत, आणि ती सोय चालू करण्यासाठी एक गुप्त पत्ता टंकावा लागे. हा पत्ता मुले एकमेकांना मंत्रासारखा सांगत. माणसे सोय शोधून काढतातच. पण ती त्यांना का शोधावी लागावी, हा माझा प्रश्न आहे.

माझ्या एका मित्राचा अनुभव सांगतो. एका ऑनलाइन अर्जाचे सगळे रकाने त्याने मोबाइलवर भरले. शेवटचे ‘सादर करा’ हे बटण मात्र पडद्याच्या उजव्या कडेबाहेर गेलेले होते आणि पान तिकडे सरकतच नव्हते. आम्ही चार जणांनी चार मोबाइलवर प्रयत्न केला. दोघांवर बटण दिसले, दोघांवर नाही. अखेर गावात जाऊन, पैसे देऊन, दुकानातल्या संगणकावरून अर्ज भरला. त्या दिवशीची तासिका बुडाली ती वेगळीच. ज्याने ते पान केले त्याच्या मनात कोणाला वगळायचे होते असे मला मुळीच वाटत नाही. वगळण्यासाठी वाईट हेतू लागत नाही, आपल्यासारखेच सर्व जण आहेत एवढी समजूत पुरते. केंद्र सरकारने सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ मध्येच मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. प्रमाण नियम पाळावेत आणि निरनिराळ्या ब्राउझरांवर तपासणी करावी, या दोन्ही गोष्टी त्यांत सांगितलेल्या आहेत. म्हणजे तत्त्व कागदावर आहे. कागद आणि पडदा यांच्यातले अंतर तेवढे कापायचे आहे.

कोणी म्हणेल, प्रत्येक जुन्या मोबाइलसाठी पान करत बसलो तर खर्च किती येईल? शिवाय जुने ब्राउझर सुरक्षित नसतात, ते वापरायला उत्तेजन का द्यावे? हे दोन्ही आक्षेप खरे आहेत आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. पण सर्वत्र सारखे दिसावे असे मी म्हणतच नाही, सर्वत्र वाचता यावे एवढेच म्हणतो. पंगतीत आधी भाकर, मग भाजी, मग गोड वाढतात. गोड संपले तर कोणी उपाशी उठत नाही. तसे पानात आधी मजकूर व दुवे साध्या प्रमाण खुणांत असावेत, मग मांडणी, मग हलणारी चित्रे. नव्या ब्राउझरला सारे मिळेल, जुन्याला निदान भाकर मिळेल. पान करणाऱ्या जाणत्यांमध्ये ही रीत २००३ पासून नाव देऊन सांगितली जात आहे. गंमत अशी की तिचा पाया प्रमाण नियमच आहे. साध्या नियमाने लिहिलेला मजकूर जुन्यातला जुना ब्राउझरही दाखवतो. तेथे नियम आणि सोय यांचे भांडणच मिटते. बँकेच्या व्यवहारासारख्या ठिकाणी सुरक्षिततेसाठी जुन्या ब्राउझरला नाही म्हणावे लागेल, हे मी मान्य करतो. पण परीक्षेचे वेळापत्रक वाचायला कसली आली आहे सुरक्षितता?

मजकुरातल्या नियमाबद्दल मात्र मी तडजोड करणार नाही, आणि त्याचे कारण मराठीच्या अक्षरांतच आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे सातपुड्यातल्या खोल खाचा. एका अर्ध्या ‘र’च्या रूपावर सारा अर्थ उभा आहे. तो दुसरा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडण्याची, दुसरी साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देण्याची. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण साध्या शोधात यंत्राच्या लेखी हे दोन निराळे शब्द. तसेच ‘ॲ’चे. त्याला स्वतंत्र जागा २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये मिळाली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र जोडत, अजूनही काही जोडतात. दिसायला फरक नाही, पण शब्दकोशात एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. ‘दिसले की झाले’ हा न्याय येथे फसवा ठरतो, कारण वाचणारा केवळ डोळा नाही, यंत्रही आहे. पुन्हा, मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीपेक्षा निराळी. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण वर्णमाला ठरवताना तीच वळणे मान्य केली. पानाच्या आरंभी ‘भाषा मराठी’ एवढी एक प्रमाण खूण दिली आणि फाँट तसा असला, तर ब्राउझर आपोआप मराठी वळण काढतो. त्यासाठी अक्षर बदलावे लागत नाही. नियम पाळल्याने आपलेपण हरवते असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

आता आपल्या घरापुरते. वार्षिकांक आणि महाविद्यालयीन पुस्तिका अनेक ठिकाणी आजही पेजमेकरवर, जुन्या फाँटांत लागतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड कळत नाही. छापखान्याच्या दृष्टीने ते सोयीचे असेल, हाताला सवय आहे, कागदावर अक्षर देखणे उमटते. पण छपाई संपल्यावर ती फाइल पुन्हा कोणाच्या उपयोगाची नसते. कागद वाळवी खाते आणि फाइल काळ खातो. याहून गंभीर गोष्ट अशी की, आपल्यापैकी कित्येक जण सुट्टीत गावी जाऊन आजीकडून भिली-पावरीतली गाणी, कहाण्या, होळीची गीते उतरवून आणतात. ती देवनागरीतच लिहिली जातात. त्या बोलींना छापील ग्रंथांची मोठी परंपरा नाही. जे उतरवले तेवढेच मागे राहणार. ते जर एखाद्या दुकानाच्या खासगी फाँटात टंकले गेले, तर गाणारी आजीही गेली आणि लिहिलेले गाणेही गेले, अशी अवस्था येईल. वृत्तपत्रांच्या जुन्या बातम्या निदान ग्रंथालयात कागदावर सापडतील. आजीच्या गाण्याची दुसरी प्रत कोठे आहे?

म्हणून माझे प्राध्यापकांपुढे आणि मित्रांपुढे तीन विनंतीवजा प्रस्ताव आहेत. पहिला, या अंकापासून सर्व लेखन युनिकोडमध्ये घ्यावे. छापखान्याला पालटून हवे असेल तर त्याने पालटावे, पण मूळ प्रत आपल्या ग्रंथालयात युनिकोडमध्येच राहावी. नवी मांडणी-साधने २०१२ च्या सुमारापासून देवनागरी नीट हाताळतात, तेव्हा ‘जमत नाही’ ही सबब आता जुनी झाली. दुसरा, मुलांसाठीच्या सूचना कागदाचा फोटो म्हणून न टाकता मजकूर म्हणून टाकाव्यात, म्हणजे त्या शोधता येतील, लहान पडद्यावर मोठ्या करून वाचता येतील आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला ऐकता येतील. तिसरा, महाविद्यालयाच्या नावाने कोणतेही पान किंवा अर्ज खुला करण्यापूर्वी तो वसतिगृहातल्या सर्वांत जुन्या तीन मोबाइलवर उघडून पाहावा. याला खर्च शून्य आहे, आणि असे मोबाइल आमच्याकडे हवे तेवढे मिळतील.

नियम आणि माणूस यांत निवड करावी लागते असे आपण उगाच धरून चालतो. नियम कशासाठी झाले, हे विसरले की ती निवड पुढे येते. सर्नमधल्या शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत एवढ्यासाठी या जाळ्याचा पहिला नियम झाला. आपल्या गावच्या आजीचे गाणे पन्नास वर्षांनी कोणा अनोळखी मुलीला तिच्या हातातल्या यंत्रावर वाचता यावे, यासाठी आपण तो पाळावयाचा आहे. ते यंत्र कोणते असेल हे आज कोणालाच सांगता येणार नाही. नेमके म्हणूनच आज कोणत्याही एका यंत्रासाठी लिहू नये.